दाभोशाच्या वाटेवरचे पाहुणे

जव्हारला दरबारच्या पाहुण्यांसाठी एक बंगला होता आणि त्याची व्यवस्था माझ्या यजमानांकडे होती. मी तेव्हा पंचविशीची असेन. मुंबईत प्लेग होऊन गेला होता. डोंगरावरची हवा चांगली, असं डॉक्टर लोक सांगू लागल्यापासून वकील, शिक्षक, पेढीवाले अशी मंडळी उन्हाळ्यात बैलगाड्या करून वर येऊ लागली होती. गाड्या, शिधा, पाणी, वाटाड्या यांची सोय लावायची आणि पाहुणे परत गेले की कचेरीत चार ओळींचा अहवाल द्यायचा, हे यांचं काम. माझं ठरलेलं काम काही नव्हतं. पण पाहुण्यांबरोबर बायका असल्या की सोबतीला मला पाठवत. त्यामुळे त्या भागातल्या बायकांना सहसा न दिसणारं पुष्कळ रान मी पाहिलं.

पाहुणेही तऱ्हेतऱ्हेचे पाहिले. पाड्यावरच्या बायका जिथून प्यायचं पाणी भरत, त्या झऱ्यात साबण लावून अंघोळ करणारे पाहिले. देवाच्या ठाण्यावरचा मातीचा घोडा आठवण म्हणून पिशवीत घालणाऱ्या एक बाई पाहिल्या. त्या फार प्रेमळ होत्या, जाताना मला चोळीचा खण देऊन गेल्या. घरी ही सगळी माणसं सज्जनच असतील. पण घरी शेजारी असतात, आळी असते, कोण काय म्हणेल याची धास्ती असते. इथं त्यांना शेजारी नव्हते. पाड्यावरची माणसं त्यांच्या हिशेबी शेजारी नव्हती, झाडांसारखीच वाटेवर उभी होती.

उलटंही पाहिलं. नाशिककडचे एक म्हातारे हेडमास्तर अकरा जणांना घेऊन आले होते. दाभोशाच्या धबधब्याकडे जाताना वाटेवर वाघदेवाचा दगड लागतो. त्यावर वाघ कोरलेला, वर शेंदूर. तिथं वहाणा काढायच्या, एक हिरवं पान ठेवायचं आणि मग पुढं जायचं, अशी तिथली रीत. दगडाच्या पलीकडे कुणी विडीसुद्धा पेटवत नसे. वाटाड्यानं हे सांगितल्यावर मास्तर खाली बसले. त्यांना वाकवत नव्हतं, तरी बुटांच्या नाड्या एकेक करून सोडल्या आणि पान ठेवून अनवाणी चालू लागले. मागून अकराही जणांनी बूट काढले. वाटभर थट्टा करत आलेल्या माणसानंसुद्धा काढले. त्यांतल्या किती जणांचा वाघदेवावर विश्वास होता कोण जाणे. मास्तरांपुढं बूट घालून चालण्याची त्यांना लाज वाटली, एवढं खरं.

वाटाड्या दाभोशाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहणारा होता. चाळिशीचा, मोजकं बोलणारा, खांद्यावर घडी केलेलं कांबळ. त्याच्या बोलीत 'अहो-जाहो' नव्हतं, कारभाऱ्यांपासून कारकुनांपर्यंत सगळ्यांना तो 'तू'च म्हणे. मला 'बाय' म्हणे. घरी त्याची म्हातारी आई होती, कंबर धरलेली, सरपटत दारापर्यंत येणारी. आम्ही पाड्यावरून जात असलो की ती मला आत बोलवी आणि नागलीची आंबील देई. ती मी तिथं प्यायले, हे मी घरी कधी सांगितलं नाही.

वाघदेवाच्या दगडापुढं विस्तव का नको, असं मी एकदा त्याला विचारलं होतं.

"देवाचं म्हण नायतर गवताचं म्हण," तो म्हणाला. "देव रागावला तरी पेटतं आन् गवत रागावलं तरी पेटतं."

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्या वर्षी पाऊस लवकर आटोपला होता. फाल्गुनातच गवत कमरेएवढं उंच होऊन कडकडीत वाळलं होतं. सागाची पानं पायाखाली चुरत, त्यांचा आवाज लांबवर जाई. भेकरं दिवसाढवळ्या पाड्याच्या विहिरीपर्यंत यायला लागली होती आणि माणूस दिसलं तरी पळत नव्हती. सकाळी बंगल्याच्या ओसरीवर उभं राहिलं की कुठं काही जळत नसतानाही भाजल्यासारखा वास यायचा. मी यांना विचारलं, तर हे म्हणाले, "उन्हाचा वास आहे." पण तेही दिवसातून दोनदा दरीकडे बघून येत.

त्या दिवसांत मुंबईहून एक वकील आले. बरोबर त्यांच्या पत्नी आणि तीन मित्र. वकीलसाहेब हुशार, बोलण्यात कुणाला हार न जाणारे. वकिलीणबाई बावीस-तेवीस वर्षांच्या, गिरगावातल्या, लिहिणंवाचणं जाणणाऱ्या. आल्या दिवसापासून माझ्या मागं स्वयंपाकघरात येऊन बसत आणि या झाडाला काय म्हणतात, त्या पाखराला काय म्हणतात, असं विचारत. मित्रांपैकी एक गृहस्थ फार हसरे होते. नकला करून दाखवत, गाडीवानालाही आपल्या डब्यातली वडी देत. मला ते सगळ्यांत आवडले होते, हे मुद्दाम लिहून ठेवते.

त्यांना दाभोशाचा धबधबा पाहायचा होता. चैत्रात धार बारीक असते, पण डोह खोल आणि गार असतो, कडे उंच. ठरल्या दिवशी भल्या सकाळी वाटाड्या बंगल्यावर आला आणि ओसरीच्या कडेला उभा राहून मला म्हणाला, "आज वारा उलटा हाय, बाय. खालून वर चाललाय. उद्या जाऊ."

मी आत जाऊन यांना सांगितलं. यांनी वकीलसाहेबांना सांगितलं. ते हसून म्हणाले, "उद्या आम्हाला परत निघायचंय. वारा धबधब्याला अडवतो का?"

हे बाहेर येऊन वाटाड्याला म्हणाले, "पाहुण्यांचा खोळंबा नको." "मंग वाटंत कुनी विडी पेटवू नको," तो पाहुण्यांकडे बघून म्हणाला. कांबळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि गाड्यांच्या पुढं चालू लागला.

वाटेवर एका शेतात राब रचून ठेवलेला दिसला. राब म्हणजे झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत, शेण यांचा थर. तो जाळून त्या राखेत भाताचं बी पेरतात. वकीलसाहेबांनी ते काय आहे विचारलं आणि मी सांगितल्यावर मित्रांकडे वळून म्हणाले, "बघा! हे जंगल तोडून जाळतात आणि आपण विडी ओढायची नाही!"

सगळे हसले. वाटाड्याला शब्द कळले असतील-नसतील, पण हसणं कळलं. तो म्हणाला, "आज नाय पेटवत. वारा पडल तवा. चौघं ओल्या फांद्या घेऊन उभी ऱ्हातात, मंग पेटवतो." त्याचं ऐकायला कुणी थांबलं नव्हतं, गाडी पुढं गेली होती.

गाड्या सोडून पायी निघालो आणि वाघदेवाच्या दगडाशी आलो. वाटाड्यानं नेहमीसारखं सांगितलं. वकिलीणबाई लगेच सपाता काढायला वाकल्या.

"अगं, काटे बोचतील," वकीलसाहेब म्हणाले. "आणि तुला कधीपासून दगडात देव दिसायला लागला?"

बोलणं रागाचं नव्हतं, लाडिकच होतं. पण मित्र हसले. बाईंचे कान लाल झाले. त्यांनी अर्धी काढलेली सपात पुन्हा पायात सरकवली आणि माझ्याकडे पाहिलं. माझा हात माझ्या वहाणेकडे गेलेला होता. मी तो वळवून पदर सावरला. किती वेळा मी त्या वाटेनं गेले असेन, एकदाही वहाणा घालून दगड ओलांडला नव्हता. त्या दिवशी ओलांडला. हसऱ्या गृहस्थांनी दगडाशेजारीच सिगारेट पेटवली. वाटाड्या तर अनवाणीच होता. त्यानं एक पान तोडून दगडावर ठेवलं, थोडं थांबला आणि मग आणखी बरीच पानं तोडून ठेवली. आमच्या वाटची असणार.

डोहाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पाणी काळं दिसत होतं. कड्यावर आग्या माशांची मोहोळं टांगलेली, परातीएवढाली, आणि त्यांचा एकसारखा घूं घूं आवाज दरीत भरून राहिलेला. पाहुण्यांना चहा हवाच होता, म्हणून पाण्याकाठच्या उघड्या खडकावर वाटाड्यानं तीन दगड मांडून चहापुरता विस्तव करून दिला, चहा झाल्यावर त्यावर पाणी ओतलं, राख हातानं चाचपून पाहिली. वरच्या उतारावर एक उंबर होता आणि त्याच्या खालच्या फांदीलाही एक मोहोळ होतं, काठी पोचेल इतकं खाली. पाहुणे जेवून त्या उंबराच्या सावलीच्या कडेला जाऊन बसले.

"याच्यात मध असेल?" हसऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"त्येला हात नको," वाटाड्या म्हणाला. "आगीच्या माशा. आमी चंद्र नसतो तवा काढतो, आन् अर्धं माशांना ठेवतो."

"म्हणजे आहे तर!" ते म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

वाटाड्या आमच्यासाठी पाणी भरायला कळशी घेऊन खाली डोहावर गेला. तेवढ्यात ते घडलं. आधी एकानं सहज म्हटलं, "धूर केला की माश्या उठून जातात." दुसरा म्हणाला, "मुंबईला डोंगरचा मध नेऊ." वकीलसाहेब म्हणाले, "याची छाती नाही व्हायची." हसरे गृहस्थ उठले. एका काठीला वाळलं गवत गुंडाळून त्यांनी चूड केली. ते एकटे असते तर त्या झाडाकडे फिरकलेही नसते, असं मला आजही वाटतं. तिघं बघत होते म्हणून ते उठले, आणि ते उठले म्हणून तिघांना थांबवता येईना.

वकिलीणबाई म्हणाल्या, "नको ना." इतक्या हळू, की मीच काय ती ऐकली.

मी काहीच म्हटलं नाही. माझ्या मनात आलं, हे मोठे लोक, दरबारचे पाहुणे, मी यांना काय सांगणार? खाली वाटाड्याला हाक मारावी असंही आलं. हाक मारली नाही.

चूड पेटली. धूर वर गेला. मोहोळाचा आवाज एकदम थांबला. त्या शांततेत वकीलसाहेब म्हणाले, "बघा, गेल्या." आणि मग फांदीवरून काळं कापड सुटून पडावं तसं मोहोळ सुटलं. हसऱ्या गृहस्थांनी किंकाळी फोडली आणि चूड टाकून पळाले. ती चूड पडताना मी पाहिली. उंबराच्या वरच्या अंगाला गवतात पडली आणि गवतानं ती तत्काळ घेतली. मग वाटाड्या धावत वर आलेला दिसला. त्यानं आम्हा दोघींच्या अंगावर कांबळ टाकलं आणि आम्हाला ओढत, फरफटत पाण्यात नेलं. गळ्याइतक्या पाण्यात, डोक्यावर ओलं कांबळ घेऊन आम्ही एकमेकींना धरून उभ्या होतो. बाईंचे दात वाजत होते. कांबळाच्या बाहेर माश्यांचा आवाज होता आणि त्याच्यामागं दुसरा एक आवाज, मोठं कापड फाडत न्यावं तसा.

माश्या विरळ झाल्यावर कांबळ काढलं. आग उताराच्या मध्यावर गेली होती. रुंद झाली होती आणि वारा तिला वर नेत होता. वाटाड्याचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. तो वर पाहत होता. वर त्याचा पाडा होता.

"आई," तो म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला. आणि बाजूच्या घळीतून दगडांना धरत वर पळाला.

वकिलीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आपण जायला हवं. तिथं घरं आहेत."

"आपण जाऊन काय करणार?" ते म्हणाले. त्यांचाही एक डोळा मिटला होता. "यांना वणव्याची सवय असते. गाड्या गाठू चला."

पुरुषांना खूप माश्या चावल्या होत्या, हे खरं. ते घाबरले होते, हेही खरं. आम्ही नदीच्या पात्रातून चालत गाड्यांशी आलो. मागं वळून पाहिलं तेव्हा धूर सरळ उभा राहिला होता आणि त्याच्यावर घारी फिरत होत्या.

परतीच्या वाटेवर गाडीत जे झालं, ते मला आगीपेक्षा जास्त आठवतं. सगळे अंगातले माश्यांचे काटे उपटत होते. मग एक मित्र म्हणाला, "वरून आधीच धूर येत होता का हो?" दुसरा म्हणाला, "सकाळी तो राब पाहिला ना आपण." बैलांना पाणी पाजायला थांबलो तिथं वकीलसाहेब म्हणाले, "राबाची ठिणगी उडाली असणार. त्या धुरानं माश्या उठल्या आणि मग आपण पळालो." जव्हारचे दिवे दिसायला लागले तोवर चौघांनीही वरून येणारा धूर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता. कुणी कुणाला खोटं बोल असं म्हटलं नाही. ती गोष्ट त्यांनी मिळून, हळूहळू, एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत तयार केली. हसरे गृहस्थ सगळ्यांत शेवटी "हो, असंच असेल" म्हणाले आणि तोंडावर पंचा घेऊन पडून राहिले. बाई गाडीच्या दांडीला धरून बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळी निघाली. निघताना वकिलीणबाईंनी माझा हात धरला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं, चल लवकर." त्यांनी हात सोडला.

दुपारी बातमी आली. पाड्यावरची खालच्या बाजूची सगळी घरं गेली होती. कारवीच्या भिंती, गवताची छपरं, पेटायला वेळ लागला नाही. कणगीतली नागली आणि भात जळालं, पेंढा जळाला. वाटाड्यानं आईला पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं, पण तिच्या छातीत धूर गेला होता. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्याच दिवशी हे अहवाल लिहायला बसले. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तर कागदावर लिहिलेलं दिसलं, 'पाड्यावरील लोकांनी निष्काळजीपणे राब पेटविल्यामुळे...'

"हे असं झालं नाही," मी म्हटलं.

"पाहुण्यांनी तसं सांगितलंय. चौघांनी."

"मी तिथं होते."

यांनी टाक खाली ठेवला. "तुझ्या डोक्यावर कांबळ होतं. तूच सांगितलंस."

"चूड पडली तेव्हा नव्हतं."

हे उठून खिडकीशी गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी वारा उलटा आहे हे त्यानं सांगितलं होतं. मीच त्याला जा म्हटलं. हे सगळं बाहेर आलं तर पहिला प्रश्न मला विचारतील. मग कुठं जायचं आपण?"

मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. यांचा चेहरा गाडीतल्या त्या चौघांच्या चेहऱ्यासारखा दिसत होता, आणि आपलाही तसाच दिसत असणार, हे मला कळलं. मी आत गेले. अहवाल तसाच राहिला.

चार दिवसांनी जंगलाकडचे एक अंमलदार चौकशीला बंगल्यावर आले. ओसरीवर खुर्ची टाकून बसले, हे बाजूला उभे. वाटाड्याला बोलावलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती, डोक्याचे केस काढलेले होते. अंमलदारांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "राब कुणी पेटवला?"

"राब नाय पेटवला."

"मग आग कशी लागली?"

अंमलदारांनी अहवालावर बोट ठेवलं.

"पाहुण्यांनी लावली?"

"म्या पानी भराया गेलतो," तो म्हणाला. "म्या नाय पायलं. नाय पायलं ते कसं सांगू?"

त्याची आई गेली होती, घर गेलं होतं, एक शब्द बोलला असता तर सुटला असता, आणि न पाहिलेलं सांगायला तो तयार नव्हता. चौघांनी न पाहिलेलं सांगितलं होतं, आणि मी पाहिलेलं दाबून दाराआड उभी होते.

अंमलदार म्हणाले, "राबावरूनच लागली असं ठरलं, तर त्या पाड्याला या वर्षी राबासाठी फांद्या तोडायला मिळणार नाहीत, एवढं समजून घे."

राब नाही म्हणजे रोपं नाहीत, रोपं नाहीत म्हणजे भात नाही. आणि कणग्या जळालेल्या. वाटाड्यानं मान हलवली, समजल्याची. तेव्हा त्यानं दाराकडे पाहिलं. मी तिथं आहे हे त्याला ठाऊक होतं. त्या बघण्यात मागणं नव्हतं. तसं असतं तर कदाचित मला आत पळता आलं असतं.

मी बाहेर आले. परक्या पुरुषांसमोर, अंमलदारासमोर, नवरा उभा असताना बाईमाणसानं असं बाहेर यायची पद्धत नव्हती. पदराचं टोक हातात पिळून गेलं होतं.

"मी पाहिलंय," मी म्हटलं. "पाहुण्यांनी मोहोळाला चूड लावली. ती उंबराच्या वरच्या गवतात पडली. राब पेटलेला नव्हता. मी तिथं होते आणि मी कुणाला नको म्हटलं नाही."

अंमलदार यांच्याकडे वळले. मला वाटलं, आता हे म्हणतील, ती घाबरली होती, तिला काही कळत नाही. यांनी कपाळाचा घाम पुसला.

"ती सांगते ते खरं आहे," हे म्हणाले. "आणि वारा उलटा आहे हे या माणसानं निघायच्या आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

अंमलदारांनी अहवाल घडी करून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाड्यावर गेले. उंबराच्या वरच्या अंगाला अर्धी जळलेली काठी मिळाली. वाटेवरच्या आणि पाड्यापलीकडच्या शेतांतले राब रचलेले होते तसेच होते, विस्तव न लागलेले. पाड्यावरचा ठपका काढला गेला, राबाची मोकळीक राहिली, आणि घरांसाठी लाकूड तोडायला परवानगी मिळाली. म्हातारीबद्दल कागदात काय लिहिलं, ते मला माहीत नाही.

वकीलसाहेबांना मुंबईला पत्र गेलं. महिन्यानं त्यांचं उत्तर आलं. आमच्यापैकी कुणी विस्तव केला नाही, आम्ही स्वतः वरून धूर येताना पाहिला, असं त्यात होतं, आणि खाली चार सह्या. मी तो कागद यांच्याकडून मागून घेऊन दोनदा पाहिला. दाभोशाला पाच जणं गेली होती. बाईंची सही नव्हती. त्यांना सही मागितलीच नव्हती, की मागितली आणि त्यांनी दिली नाही, हे मला कधी कळलं नाही. त्या घरात ते नाही म्हणणं कसं झालं असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला.

पावसाळ्यानंतर यांची बदली मोखाड्याला झाली, लहान कामावर. यांनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही, पण आमच्यात एक गप्पपणा आला तो पुढं पुष्कळ वर्षं राहिला. मोखाड्याच्या आठवडी बाजारात वाटाड्या कधीमधी भेटे. नागली कशी झाली, पाऊस कुठवर आला, असं बोलणं होई. एकदा मी धीर करून म्हटलं, "तुझ्या आईनं मला आंबील दिली होती आणि मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही."

तो टोपली दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "मंग उघडलंस ना." मग म्हणाला, "आदी उघडायला पायजे व्हतं, बाय." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो निघून गेला. त्यानंतरही तो बोलायचा, पण पाहुण्यांना वाट दाखवायला पुन्हा कधी गेला नाही.

आणि तो एकटाच नव्हता. एक-दोन वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, की त्या बाजूला कुणीच वाट दाखवत नाही. मोखाड्यामार्गे आलेले पाहुणे बाजारात विचारत, "दाभोशाला कसं जायचं?" नागली विकणारी बाई म्हणे, "ठाव नाय." टोपल्यावाला म्हणे, "ठाव नाय." ज्यांची पोरंबाळं त्या वाटेवर वाढली, ती माणसं मान न उचलता सांगत, ठाव नाय. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं, निदान माझ्या कानावर आलं नव्हतं. पण सगळा बाजार एका तोंडानं बोलत होता, आणि ते ऐकताना मला भीती वाटे.

एका चैत्रात तीन तरुण माणसं अशीच विचारत फिरत होती. पाठीवर वळकट्या, एकाच्या हातात किटली. चांगल्या घरची दिसत होती, सगळ्यांना नमस्कार करून विचारत होती. पाच-सहा ठिकाणी 'ठाव नाय' ऐकून ती हसली आणि आपापसांत म्हणाली, "जाऊ की नदी धरून. वाटाड्या कशाला हवा?" आणि निघालीसुद्धा.

बाजार गप्प होता. वाटाड्याही तिथं होता, मीठ घेत होता. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि मिठाची पुडी बांधू लागला. माझ्या लक्षात आलं, की ती मुलं आता जाणार, आणि कुठं काय करायचं नाही हे सांगणारं एकही माणूस त्यांच्याबरोबर नसणार. आम्ही सगळ्यांनी मिळून तशी व्यवस्था केली होती.

मी हातातली पिशवी तिथंच ठेवून त्यांच्या मागं गेले. नाक्याच्या पुढं त्यांना गाठलं. धाप लागली होती.

"वाघदेवाच्या दगडाच्या पलीकडे विस्तव करू नका," मी म्हटलं. "खडकावरसुद्धा नको. मोहोळाजवळ जाऊ नका. तिथं वर घरं आहेत. एक म्हातारी मेली आहे."

ती एकमेकांकडे बघू लागली. एकाच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. मी नेमकी त्याच्याकडेच बघत राहिले, डोळे न हलवता. तो हसला नाही. दुसरा म्हणाला, "बरं, बाई." किटली त्यानं पाठीमागं घेतली होती.

ती गेली. त्यांनी माझं ऐकलं की वळणापलीकडे जाऊन विसरली, मला ठाऊक नाही. परत येताना ती मोखाड्याला आली नाहीत, जव्हारकडून उतरली असतील. पुढले तीन दिवस मी दर थोड्या वेळानं परसात जाऊन दाभोशाच्या बाजूला बघत होते. हे दोनदा माझ्यामागं येऊन उभे राहिले. वारा खालून वर चालला होता. धूर दिसला नाही.